"खिडकी उघडा सांगायचे ४,५०० घेतले": मालकाकडून उत्तर

मॅडम नमस्कार. उशिराबद्दल सॉरी, घोडबंदरला ट्रॅफिकमधे अडकलो आणि तुम्ही हाफ डे टाकून बसला होतात, तुमचा राग बरोबर आहे. पण तुम्ही लिहिलंय "दोन तास उशिरा आले, मीटर ठेवला, खिडकी उघडा सांगायचे ४,५०० घेतले, कपाटाचा वास तसाच", हे वाचून खरंच लागलं. घरातली हवा तपासून द्यायचा छोटा धंदा आहे आमचा, नवीन कस्टमर आधी स्टार बघतो मग फोन करतो.

खिडकीचं आल्या आल्या नाही सांगितलं हो. सकाळी डोकं जड होतं ही तुमची तक्रार, म्हणून मशीन रात्रभर बेडरूममधे ठेवलं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड (सीओटू) सव्वाचारशे पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या, आसपास असतो, तुमच्या खोलीत पहाटे २,३०० च्या वर गेला होता, ग्राफ रिपोर्टमधे आहे. तिघं झोपणार, दार बंद, खिडकीला फोमची पट्टी आणि स्प्लिट एसी, जो आतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरून काहीच घेत नाही. तुमचे साहेब म्हणाले मग प्युरिफायर कशाला घेतला आम्ही. तो धूळ पकडतो, चांगलाच आहे, पण हा गॅस त्याच्या फिल्टरमधे अडकत नाही, त्याला बाहेरची हवाच लागते. म्हणून झोपताना खिडकीला एक फट. आता हा सल्ला फुकटात मिळण्यासारखा वाटतो ते मला कळतं, पण मोजल्याशिवाय तो द्यायचा कसा? डॉक्टरने तपासून नुसतं पाणी जास्त प्या सांगितलं तरी फी देतोच ना आपण.

आणि साहेबांच्या ऑनलाइनवाल्या मीटरवर ६०० दिसत होतं म्हणून आमचं मशीन खोटं, असं नका ना म्हणू. त्यातल्या बऱ्याच स्वस्त मीटरमधे सीओटूचा सेन्सरच नसतो, दुसऱ्या गॅसवरून अंदाज दाखवतात, डिओ मारला तरी आकडा उडतो. आमचा इन्फ्रारेडवाला आहे, थेट सीओटूच मोजतो.

एक लिहायचं नव्हतं पण लिहितो. आदल्या दिवशी मेसेज केला होता की सकाळी फिनेल, धूप, रूम फ्रेशनर काही नको. आम्ही आलो तेव्हा लादी नुकतीच पुसलेली आणि देवघरात धूप चालू, त्यामुळे प्लायवूडमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड गॅसचं रीडिंग घेऊन उपयोगच नव्हता, आमचा पोरगा परत येऊन ते घेऊन गेला, त्याचा एक रुपया लावला नाही. हे रिव्ह्यूमधे कुठेच नाही.

राहिला वास. तो हवेचा नाही, भिंतीचा आहे. कपाटाची पाठ ज्या भिंतीला आहे तिच्या पलीकडे बाथरूम, ओलावा मीटर तिथेच ओरडत होता आणि प्लायवर मागून काळी बुरशी धरलीये. पान ३ वर फोटोसकट दिलंय, प्लंबरला दाखवा म्हणून सांगितलंही होतं. नुसतं पुसून परफ्यूम मारला तर पुन्हा येणारच, गळती थांबवून भिंत वाळायला हवी.

टायमिंगचं आम्ही बघतोय, दोन अपॉइंटमेंटमधे जास्त गॅप ठेवायचा विचार चालू आहे. रिपोर्टही जरा सोप्या भाषेत करू. बाथरूमचं काम झालं की कळवा, भिंत परत मोजून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि रिव्ह्यूत निदान भिंतीचं तरी ॲड करा ही विनंती.