मनाचा कोर्स, पासिंग ८० टक्के

इंदुरातल्या छोट्या सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर, नर्स आणि आशाताई यांना मानसिक आरोग्याचं ऑनलाइन प्रशिक्षण द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. थोडी काळजी घेतलीत, तर कुणालाही काहीही न शिकवता वर्ष निभावून जाईल.

वेळ सकाळी अकराची ठेवा. ओपीडी तेव्हाच भरात असते. नर्सताई एका हातात बीपीचा पट्टा आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून हजेरी लावतील. कॅमेरे बंद, माइक बंद. चुकून एखादा चालू राहिला, तर सगळ्यांनी मिळून कचरागाडीचं गाणं ऐकावं.

भाषा पुस्तकीच हवी. नैराश्याला ‘अवसाद’ म्हणा, ‘मनोविकृती’ म्हणा. दवाखान्यात कुणी ‘मला अवसाद झालाय’ असं सांगत येत नाही. आसपासच्या खेड्यातली बाई ‘जी घबरावे’ म्हणते, लोकमान्य नगरातल्या आजी ‘जीव घाबरा होतो गं, करमत नाही’ म्हणतात, आणि बाकीचे डोकं, पाठ, गॅस, झोप यापलीकडे जातच नाहीत. हे शब्द कोर्समध्ये शिरू देऊ नका. गॅसची गोळी लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारायची खोड लागेल.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली मात्र शिकवाच, स्लाइडवर छान दिसते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की नीट तपासायचं. यातले ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द घाईघाईने वाचून टाका, म्हणजे काल सुनेशी वाजलं म्हणून आज रडवेली झालेली बाईही रुग्ण ठरेल. त्याहून सोपं म्हणजे नर्सनेच पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून फॉर्म भरावा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. ‘असं कसं विचारायचं बाई’ म्हणून तिथे शून्य ठरलेलं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे बोलू नका. आणि रोल-प्ले तर मुळीच करून घेऊ नका. शेजारी बसलेल्या सासूला बाहेर कसं पाठवायचं, पेशंट ‘हो’ म्हणाली तर चेहरा कसा ठेवायचा, तिला एकटं का सोडायचं नाही, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या, त्याच दिवशी पुढे कुठे पाठवायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही. तोंडाने म्हणावं लागतं, अडखळावं लागतं. तेवढा वेळ कुणाला आहे? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर शेवटच्या स्लाइडवर, लोगोंच्या गर्दीत छापा.

औषधांना एक स्लाइड पुरे. एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस मळमळतं, हे पेशंटला सांगायला शिकवू नका. तो पाचव्या दिवशी गोळी सोडेल आणि अल्प्राझोलम मागेल. ती त्याच रात्री झोपवते, मग सुटता सुटत नाही. ‘पूर्वी कधी झोप नाही, तरी अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, पैशांची उधळण, असे दिवस आले होते का?’ हा प्रश्न नैराश्याची गोळी लिहिण्याआधीचा. तो चुकला, तर बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा अतिउत्साह असलेल्या माणसाचा मॅनिया (तो अतिउत्साहच) उफाळू शकतो. म्हणून तो ‘अतिरिक्त वाचन’मध्ये टाका, तिकडे कुणी फिरकत नाही.

ऑनलाइन शिकवण्याच्या ‘इको’ पद्धतीपासून दूर राहा. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सीसाठी ती सुरू केली. त्यात दूरच्या दवाखान्यातला डॉक्टर स्वतःच्या पेशंटची केस त्याचं नाव लपवून मांडतो, तज्ज्ञ आणि इतर दवाखानेवाले प्रश्न विचारतात, आणि तोच पेशंट पुढच्या खेपेला पुन्हा चर्चेत येऊ शकतो. म्हणजे दिलेला सल्ला चालला की नाही, हे सगळ्यांदेखत कळायचा धोका! नावात ‘इको’ ठेवा, पण केस वगळून तज्ज्ञांच्या ७४ स्लाइड्स चालवा. तसंच मध्य प्रदेशातल्याच सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना नैराश्यावरचं समुपदेशन स्मार्टफोनवरून शिकवायचं काम झालं, त्याची चौकशी करू नका. तिथे नुसता व्हिडिओ देऊन थांबले नाहीत. काही जणींना फोन करून ‘कुठे अडलं?’ विचारणारी माणसंही ठेवली होती. फोनचं बिल कोण भरणार?

परीक्षा दहा बहुपर्यायी प्रश्नांची, पासिंग ८० टक्के, प्रयत्न कितीही. पाव तासात उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतील. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून वाटा आणि त्याच दिवशी गटाची सेटिंग ‘फक्त अ‍ॅडमिन’ करा. नाहीतर रात्री दहाला एखादी आशाताई लिहील, ‘सर, नवव्या प्रश्नाला तीन आलेत. आता काय करू?’