क्रोशाचे यंत्र कुणी पाहिले आहे का?

‘हँडमेडच्या नावाखाली चाललेली लूट’ या मथळ्याचा एक संदेश गेले काही आठवडे या गटातून त्या गटात फिरतो आहे. चार वेळा मी तो पुसून टाकला. पाचव्यांदा तो माझ्या वहिनीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने थेट तिलाच पाठवला आणि खाली लिहिले, ‘‘ताई, आता तरी भाव कमी करा.’’ वहिनी क्रोशाच्या शाली आणि जॅकेटे विणून विकते. तिने काही उत्तर दिले नाही. हातातली अर्धी शाल पिशवीत घालून ठेवली. म्हणून हे उत्तर मी लिहीत आहे.

संदेशात पाच मुद्दे आहेत. आजकाल सगळे कपडे यंत्रावरच होतात, तेव्हा ‘हाताने केलेले’ ही थाप आहे. यंत्रावर होतात म्हणूनच स्वस्त कपड्यांत कुणाची पिळवणूक होत नाही. मोठ्या कंपन्यांकडे तपासणीची प्रमाणपत्रे असतात, घरी बसून विणणारीकडे कसलाच कागद नसतो. लोकरीची किंमत वजा केली की उरतो तो सगळा नफा. आणि शेवटचा, हे ‘स्वतंत्र कारागीर’ घाऊक माल आणून त्यावर आपले लेबल लावतात.

पहिले दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण दुसरा पहिल्याच्या आधारावर उभा आहे आणि पहिलाच खोटा आहे. शिलाई यंत्र सुई खालीवर करते, एवढेच. साधा टीशर्ट घेतला तरी बाही मुंढ्याला जुळवून, गोलाईवर चुणी पडू न देता ते लिबलिबीत कापड सुईखाली सरकवणारे हात माणसाचेच असतात. क्रोशाची गोष्ट तर याहून पुढची आहे. क्रोशात सुईवर एका वेळी एकच टाका मोकळा असतो, आणि पुढचा खांब, म्हणजे उभा टाका, मागच्या ओळीतल्या कोणत्या घरात घालायचा हे विणणारी त्या त्या क्षणी ठरवते. प्रयोगशाळांतून प्रयोग झाले आहेत, पण साखळी, मुका खांब आणि खांब असे टाके घालत अंगावरचा कपडा पुरा करणारे यंत्र कारखान्यांत अजून आलेले नाही. उद्योगात ज्याला ‘क्रोशे मशीन’ म्हणतात ते ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांवर चालणारे वेगळे यंत्र असून त्यावर लेस, झालरी आणि पट्ट्या निघतात. दुरून ते क्रोशासारखे दिसते, जवळून पाहिले की खांबाच्या माथ्यावरची वेणी त्यात सापडत नाही.

याचा अर्थ संदेश लिहिणाऱ्याने नीट समजून घ्यावा. झगमगीत दुकानात मातीमोल भावाने टांगलेला टॉप खऱ्या क्रोशाचा असेल, तर तो कुणीतरी तासन् तास बसून हातानेच विणलेला आहे, आणि त्या भावात दुकानदार, वाहतूक आणि कंपनी यांचा वाटा निघाल्यावर त्या हातांना काय उरले असेल, याचा हिशेब करायला फार गणित लागत नाही. म्हणजे स्वस्ताई हा पिळवणूक नसल्याचा पुरावा ठरत नाही. इथे तर ती नेमकी उलट साक्ष देते. आणि त्याच न्यायाने ‘हाताने केलेले’ म्हणजे आपोआप नैतिक, असेही नव्हे, हे हँडमेडच्या भक्तांनीही ध्यानात ठेवावे.

प्रमाणपत्राचा मुद्दा मात्र मला नुसता चुकीचा नव्हे, घातक वाटतो. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे कामगारांच्या सुरक्षेचेही निकष असलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तो कारखाना जळाला आणि २५० हून अधिक माणसे गेली. आग खंडणीसाठी लावली होती, असा निकाल २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने दिला, हे खरे. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायची दारे बंद होती, ती काही खंडणीखोरांनी केलेली व्यवस्था नव्हती. ती तपासनिसाला दिसायला हवी होती. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळची, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावले. तिथल्याही काही कारखान्यांची तपासणी आधी होऊन गेली होती. कागद फाइलमध्ये असणे आणि दार उघडे असणे यांत एवढे अंतर असते, आणि एकटीने विणणाऱ्या बाईला ती कारखान्यांसाठी आखलेली तपासणी परवडत नाही म्हणून तिला संशयित ठरवणे हा निव्वळ उर्मटपणा आहे.

नफ्याबद्दल फार लिहीत नाही. वहिनीच्या मोठ्या शालीला ३५ ते ४० तास जातात. त्यात चुकलेली ओळ उसवणे, धाग्यांची टोके दडवणे, धुऊन टाचण्या लावून ताणून वाळवणे हे सगळे आले. तासांना शून्य किंमत लावली, तर शिंप्याचाही सगळा नफाच निघेल.

राहिला लेबलचा मुद्दा, आणि इथे मला, नाइलाजाने का होईना, मान हलवावी लागते. तयार माल उचलून ‘माझ्या हातचे’ म्हणून विकणारे आहेत, भरपूर आहेत. २००५ साली हस्तनिर्मित वस्तूंसाठी सुरू झालेल्या एट्सी या ऑनलाइन बाजारानेही २०१३ मध्ये, काही अटींवर का होईना, बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घ्यायला परवानगी दिली, तेव्हा ‘हँडमेड’ हा शब्द पुरता पातळ झाला आहे. पण यावरचा उपाय सगळ्यांना चोर म्हणणे हा नाही, विचारणे हा आहे. वस्तूचा फोटो इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून तो आणखी कुठे आहे ते पाहावे. तोच फोटो दहा विक्रेत्यांकडे निघाला तर विषय संपला. बाही दोन इंच वाढवून मिळेल का, असे विचारावे. करणारी ‘हो, पण आठवडा लागेल’ म्हणते, नुसता विकणारा मापांचा तक्ता पाठवतो. अर्धवट विणलेल्या तुकड्याचा फोटो मागावा. मदतीला कोण आहे, त्यांना तुकड्यावर पैसे मिळतात की तासावर, आणि कच्चा माल कुठून येतो, हेही विचारावे.

हे सगळे प्रश्न मी आधी वहिनीलाच विचारले. शेवटच्यावर ती अडली. लोकर कोणत्या गिरणीतून येते हे तिला ठाऊक नाही. तिने दुकानदाराला विचारले, तर त्यालाही नाही.