आमच्या गडचिरोली बाजार-सहलीला दोन स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. त्या दिवशी गाडीसोबत गाईड म्हणून असलेल्या आमच्या मुलाशी बोललो आणि मगच लिहायला बसलो. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: पोचायला उशीर झाला, लाल मुंग्यांची चटणी मिळाली नाही, बाथरूमची सोय नव्हती, गाईडनं भाव करू दिला नाही आणि मनासारखे फोटो काढू दिले नाहीत, मोहाची दारू चाखायला मिळाली नाही, आणि माणशी 2,800 रुपये भरून शेवटी भजी-जिलेबीच खाल्ली.

आधी आमच्या चुका. गाडी नागपुरातल्या सीताबर्डीहून पहाटे पाचला निघायला हवी होती, ती निघाली सहाला दहा कमी असताना. दोन प्रवाशांसाठी थांबलो आणि बाकी नऊ जणांना ताटकळत ठेवलं. त्यात नागभीडला चहाला अर्धा तास गेला. धानोरा तालुक्यातल्या त्या बाजारात दहाला पोचायचं, तिथं साडेअकरा झाले. चटणी त्या दिवशी दोनच बायांनी आणली होती, ती साडेदहालाच संपली. म्हणजे वेळेवर गेलो असतो तर तुम्हाला मिळाली असती. शिवाय आमच्या जाहिरातीत चटणीचा मोठा फोटो होता आणि ती दरवेळी मिळेलच असं नाही, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. या मुंग्या झाडावर पानं जोडून घरटं करतात. ते फांदीसकट उतरवायचं, अंगभर चावे सोसायचे, मग मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर वाटायचं. कुणी पहाटे गेलं तरच बाजारात चटणी येते. हे आधीच सांगायला हवं होतं. तो फोटो आता काढून टाकला आहे. बाथरूमबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे. पुढच्या फेरीपासून आरमोरीला आणि बाजाराच्या गावात एका ओळखीच्या घरी सोय केली आहे.

भजी-जिलेबी मात्र नागपुरातही मिळते म्हणून तिथं ती नको, हे मला पटत नाही. तो बाजार तुमच्या-माझ्यासाठी भरत नाही. आठवड्याचं मीठ, तेल, सुकट, साबण घ्यायला पाच-सात कोसांवरून लोक येतात. टोपलीतली मोहाची फुलं विकून झाली की बाई पहिल्यांदा पोरांसाठी पावशेर जिलेबी कागदात बांधून घेते. बाजाराच्या दिवशी तिथली माणसं जे आवडीनं खातात, तेच तुम्हाला खाऊ घातलं. कण्यांची आंबील तुम्हाला अळणी लागली, हेही समजू शकतो. आपली जीभ झणझणीत सावजी आणि तर्री-पोह्याची. पण एप्रिलच्या उन्हात चार तास बसणाऱ्या माणसाला तीच आंबट, पातळ आंबील तारते. पुढच्या वेळी दुपारच्या ऐन उन्हात एक वाटी घेऊन बघा.

तुम्ही लिहिलंय, ‘जंगलात फुकट मिळतं, तरी गाईड भाव करू देत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

मोहाचं फूल पहाटे गळतं. मार्च-एप्रिलमध्ये बाया अंधारातच टोपली घेऊन झाडाखाली जातात. अस्वलालाही मोह आवडतो, त्यामुळे जीव मुठीत धरून वेचायचं. एकेक फूल वाकून उचलायचं, आणून अंगणात वाळवायचं, आणि वाळता वाळता वजन पार उतरतं. चारोळीचं तर विचारूच नका. चार म्हणजे चारोळीचं झाड, त्याची फळं भिजवा, गर काढा, बी वाळवा, जात्यावर हलक्या हातानं भरडा, तेव्हा आत मसुरीएवढा दाणा सापडतो. एकेकाळी व्यापारी मापाला माप मीठ देऊन हीच चारोळी न्यायचे. आपल्या श्रीखंडावरची चारोळी अशा हातांतून आलेली असते. आणि जंगल ‘फुकट’ नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मोह, चारोळी, तेंदूपत्त्यावर तिथल्या लोकांचा मालकी हक्क मान्य केला आहे. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही वर्षानुवर्षं झगडून. तुम्ही वीस रुपयांचा चारोळीचा द्रोण दहाला मागत होता म्हणून आमच्या गाईडनं मध्ये तोंड घातलं. तो पुढेही घालेल.

मोहाच्या दारूचं उत्तर सरळ आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती गावागावांतल्या लोकांनी, त्यातही बायांनी, मागून घेतलेली आहे. सहलीत दारू पाजणं आमच्याकडून होणार नाही. मोहाची चव हवी असेल तर मोहाचे लाडू तुम्हाला दिले होते. ते आवडले असं तुम्हीच गाडीत म्हणालात.

आता फोटो. रिव्ह्यूसोबत तुम्ही चार टाकलेत. तिसऱ्यात हातभर गोंदण असलेली एक म्हातारी पदरानं तोंड झाकते आहे, आणि खाली तुम्ही ‘लाजाळू आदिवासी’ असं लिहिलंय. ताई, ती लाजत नाही, नको म्हणते आहे. मी तिला दहा वर्षं ओळखतो. गोंडीत चार वाक्यं बोललं तर ती हसून शेजारी बसवून घेते, तिखट किती सोसतं ते विचारते आणि वरून मूठभर चाराची फळं ओंजळीत टाकते. नागपूरच्या महाल भागातल्या बुधवार बाजारात भाजी घेताना आपल्या आईसमोर कुणी न विचारता मोबाईल धरला तर आपण काय म्हणू? आपलं नागपूरही गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं. ही माणसं आपल्याला परकी नाहीत.

उशीर आणि चटणी आमच्याकडून चुकली, म्हणून माणशी 700 रुपये परत करतो आहोत. तुम्ही चौघं होता, 2,800 रुपये ज्या खात्यातून आले त्यातच सोमवारपर्यंत जमा होतील. स्टार बदलावेत असं माझं म्हणणं नाही, ते तुमचं मत आहे. तेवढा तिसरा फोटो काढून टाका, ही हात जोडून विनंती. पुढच्या बाजाराला जाईन तेव्हा तो काढून टाकला, असं मला त्या म्हातारीला सांगायचं आहे.