समिती येते, उकिरडा झाका

भाऊ, गाव स्वच्छ आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा. ग्रामस्वच्छता अभियानाची तपासणी समिती कोणत्या रस्त्यानं येणार, एवढं पंचायत समितीतून काढून आणा. आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल असो की कुही, साहेबांची गाडी डांबर सोडत नाही. तेवढाच रस्ता झाडा. कडेच्या झाडांना गेरू-चुना लावा, दगडांनाही लावा, म्हैस फार वेळ एका जागी उभी राहिली तर तिलाही.

उकिरडा मनावर घेऊ नका. भोवती हिरवी जाळी बांधून ‘गांडूळखत प्रकल्प’ असा फलक टांगा. गांडुळं मोजायला कोणी वाकत नाही. पुढं सावजी जेवण वाट पाहत असतं.

संडासाचा पेपर मात्र कठीण. गाव कागदावर कधीचंच हागणदारीमुक्त झालं, पण संडासात गुरांचं कुटार भरलंय, कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्यात. लोकांचं तरी काय चुकलं? मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा बादलीभर पाणी प्यायला ठेवायचं की ओतायचं, हे त्यांना कोणत्याही अभियानापेक्षा जास्त कळतं. तर एका दिवसापुरतं कुटार बाहेर काढा, फिनाईल शिंपडा, आणि खरं बोलायची सवय असलेल्या आजीला लेकीकडे उमरेडला धाडून द्या.

तसंच वर्षभर नाल्या उपसणाऱ्या माणसालाही त्या दिवशी सुट्टी द्या. पगार थकल्याचं त्याच्या तोंडून निघालं तर गुण जातात.

ज्यांच्या नावानं 2000 साली हे अभियान निघालं, ते गाडगेबाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. गावात शिरले की न सांगता झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. अशी अचानक तपासणी आपल्याला परवडायची नाही. त्यापेक्षा शाळेतल्या एखाद्या पोराला बाबा करा. चिंध्यांचा पोशाख नागपूरच्या इतवारीतून भाड्यानं आणा, आणि झाडू नवा असेल तर किमतीची चिठ्ठी तेवढी खरवडून काढा.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कंजुषी नको. तिथं गाडगेबाबा अभियानावर 2007 ची तंटामुक्ती चढली, तिच्यावर 2020 ची माझी वसुंधरा, आता 2025 चं समृद्ध पंचायतराज. भिंतीला प्लास्टरची गरज उरलेली नाही, घोषणांच्या थरांवरच उभी आहे. पेंटरला सांगा, रंग पातळ लाव, पुढच्या सरकारलाही जागा लागेल.

आणि बक्षीस लागलंच, तर ते नळयोजनेत घालायचा वेडेपणा करू नका. पाइप जमिनीखाली जातो, त्याचा फोटो निघत नाही. वेशीवर कमान बांधा. कमानीवर कोणाचं नाव आधी आणि कंत्राट कोणाच्या साळ्याला, यावरून चावडीवर डोकी फुटतील. फुटू द्या. तंटामुक्तीच्या रजिस्टरात तेवढी नोंद करू नका.