पाँटूनचा पंखा: ‘मोठा पिच, जास्त वेग’ हे खरं नाही

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात उतरल्या, आणि एक मेसेज पुन्हा फिरायला लागला. गेल्या आठवड्यात तो मला चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं असं: पाँटूनच्या, म्हणजे बंद नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटीच्या, ओबीएमला (बोटीच्या मागे बाहेर लावायच्या इंजिनाला) बसेल तेवढ्या मोठ्या पिचचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, लावा, वेग वाढतो. इंजिन कमी आरपीएमवर चालतं, म्हणून पेट्रोल वाचतं आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं. चौथं पातं म्हणजे नुसता भार. पंखा स्टेनलेसचाच घ्या. आणि एकाच एचपीच्या सगळ्या इंजिनांना एकच पंखा चालतो. हे वाचून पंखे बदललेल्या दोन बोटी या महिन्यात माझ्याकडे आल्या. मी दिवाळे गावचा. बेलापूरच्या खाडीवर ओबीएम उघडण्यात माझी वीस वर्षं गेली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा पिचचा, आणि सगळी गफलत इथूनच सुरू होते. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू पिळला की तो एका फेऱ्यात ठरावीक आत जातो, तसा पंखा पाण्यात एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा, तो पिच. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पंखा घसरतो. पाँटूनला वीस ते तीस टक्के घसरण धरूनच चालावं लागतं, कारण ही बोट जड, वरून चौकोनी आणि वाऱ्याला छाती दाखवणारी.

आता हिशोब करू. समजा इंजिन ६० एचपी आहे आणि गिअर २.३३, म्हणजे इंजिनाच्या २.३३ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा. १५ पिचचा पंखा लावला आणि माणसं भरल्यावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४,६०० वर अडकलं. घसरण न धरता, कागदावर वेग निघतो ताशी ४५ किलोमीटर. ११ पिच लावला, इंजिन ५,४०० पर्यंत गेलं, तर कागदावर ३९. मेसेज लिहिणाऱ्याने हिशोब इथेच थांबवलेला दिसतो. पण ६० एचपी हा आकडा इंजिन वरच्या आरपीएमला पोचल्यावरचा असतो. ४,६०० वर दमलेलं इंजिन तेवढी ताकद देतच नाही, आणि बोट ताकदीवर पळते, कागदावर नाही. मोठा पिच मग पाणी नुसतं घुसळतो आणि घसरण वाढते. भरल्या बोटीत वेग वाढत नाहीच, उलट जेट्टीवरून उचल घ्यायलाच बोट रडते.

कमी आरपीएम म्हणजे इंजिनाला आराम, हा दुसरा मुद्दा मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो ऐकायला पटतो. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी दामटून पाहा. आरपीएम कमीच असतात, पण इंजिन धापा टाकतं. इथेही तेच. थ्रॉटल पूर्ण उघडा, फेरे कमी, पिस्टनवर भार जास्त, उष्णता जास्त, आत कार्बन जास्त. पेट्रोलही त्या ताणात जळतं. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलचा आरपीएमचा पट्टा दिलेला असतो. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांचा तो ५,००० ते ६,००० च्या आसपास असतो. नेहमीचा भार भरून इंजिन त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर पिच उतरवा; एक इंच उतरवला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. उलटंही होतं. पिच फारच लहान असेल तर इंजिन आरपीएमच्या वरच्या मर्यादेला धडकून अडखळतं, तेही नको.

पंख्याला दोष देण्याआधी बोटीचा तळ मात्र बघा. महिनाभर खाडीत बांधून ठेवलेल्या पाँटूनच्या नळ्यांवर शिंपले आणि शेवाळ धरतं, आणि नुसत्या त्यानेच आरपीएम पडतात. वेग मोजताना जीपीएस जाताना आणि येताना दोन्ही वेळा बघून सरासरी काढा. वाशीच्या पुलाखाली ओहोटीचं पाणी ज्याने पाहिलंय, त्याला कारण सांगायला नको.

चार पात्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. चौथ्या पात्याने आरपीएम थोडे पडतात, म्हणून ते घेताना पिच इंचभर कमी घ्यायचा. पण पाँटूनचं खरं दुखणं टोकाच्या वेगाचं नाही, पकडीचं आहे. वळताना पंख्यापाशी हवा ओढली जाते, पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागीच राहते. चार पाती पाणी धरून ठेवतात, थरथर कमी होते, जेट्टीला रिव्हर्समध्ये लावताना बोट ऐकते. माणसं ने-आण करणाऱ्याने चारच घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हलकी बोट असेल आणि चार जण फिरणार असतील तर तीन पुरतात.

स्टेनलेस मजबूत असतं, यात वाद नाही. गाळमिश्रित पाण्यात अॅल्युमिनियमच्या पात्याची कड लवकर झिजते, हेही खरं. पण पाँटूनच्या वेगाला स्टेनलेसच्या पातळ पात्याचा फायदा जेमतेम दिसतो आणि किंमत तिपटी-चौपटीने जास्त. शिवाय आपली खाडी उथळ. उधाणाची भरती उतरली की ऐरोलीकडे चिखलाची मैदानं उघडी पडतात, आणि चिखलाखाली जुने खांब, दगड असतात. अॅल्युमिनियमचं पातं आपटलं की ते वाकतं, तुटतं, आणि मार तिथेच संपतो. स्टेनलेस सहजासहजी वाकत नाही. तो मार पंख्याच्या मधल्या रबर बुशने झेलला तर ठीक, नाहीतर पुढे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, आणि गिअरला जातो. स्टेनलेसच्या पैशात अॅल्युमिनियमचे दोन पंखे घ्या. एक इंजिनाला, एक बोटीत, सोबत पंख्याचा नट अडवणारी नवी कॉटर पिन आणि पाना. धातू कोणताही असो, जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) पंख्यामागे गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं म्हणजे पाणी आत गेलं. आठवड्यातून एकदा पंखा काढून मागे बघा.

शेवटचा मुद्दा लवकर संपतो. ६० एचपीचीच दोन इंजिनं घ्या. एकाचा गिअर १.८३, दुसऱ्याचा २.३३. दुसऱ्याचा शाफ्ट हळू फिरतो, म्हणून तो मोठ्या व्यासाचा पंखा ओढू शकतो, आणि जड बोटीला तोच लागतो. दोघांना एकच पंखा कसा चालेल?

हे सगळं काल मी ग्रुपवर बोलून टाकलं, तर माझ्या आत्येभावाचा लगेच फोन: “दादा, ते कळलं, पण माझ्या बोटीला नंबर कोणता?” मी म्हटलं, “रविवारी बारा माणसं बसव, पाणी थांबलेलं असताना पूर्ण थ्रॉटल दे आणि मीटरवरचा आकडा सांग. इंजिनाचं पुस्तक घरीच असेल, तेही काढून ठेव.”