चाराला एक, पण कोण?

2022 च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून संपावर गेल्या तेव्हा इथे मेलबर्नमध्ये मित्रमंडळी मला विचारायची, अगं जागा भरतायत ना, कंत्राटी तर कंत्राटी, हात तर वाढतायत. तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता येतं, कारण मधे माझ्याच वॉर्डातल्या नर्सेस बदलल्या.

तिकडे सरकारी हॉस्पिटलात नाईटला मी एकटी आणि चाळीसच्या वर पेशंट, काही खाली गादीवर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, तो आम्ही परीक्षेत लिहिला आणि विसरलो. इंजेक्शनचा ट्रे घेऊन शेवटच्या बेडपर्यंत पोचेस्तोवर पहिल्याच्या पुढच्या डोसची वेळ झालेली, नर्सिंग म्हणजे हेच असं वाटायचं. इकडे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, 2000 पासून रेशो (किती पेशंटमागे एक नर्स हे ठरलेलं), 2015 ला त्याचा कायदाच झाला, मोठ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला दिवसा चाराला एक, रात्री आठाला एक. पहिला आठवडा तर मला आपण कामचुकारपणा करतोय असंच वाटत होतं (खरंच!). मग एका आजोबांचं ताट तसंच परत जाताना दिसलं, दुसऱ्या दिवशीही तेच, गिळताना त्रास होत होता आणि सांगत नव्हते. चाळिसात मला ते ताट दिसलंच नसतं.

पुढे जुन्या चार-पाच जणी सोडून गेल्या आणि एजन्सीच्या नर्सेस यायला लागल्या, रोज नवा चेहरा. रेशो पूर्ण, कागदावर सगळं ठीक. पण ब्लॅडर स्कॅनर कुठे ठेवतात इथपासून मीच सांगत फिरायची, त्यांची काही चूक नाही, हुशार होत्या, फक्त उद्या येणार नव्हत्या. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेताना, "कालच्यापेक्षा आज गप्प आहेत" असं सांगायला काल पाहिलेलं कोणी हवं ना! ड्युटी संपल्यावरही रेंगाळणारी मी घड्याळ बघायला लागले. पेशंट तेवढेच, पगार तोच.

आता कबूल करते, चाळीस पेशंट असतील तर मीसुद्धा येईल तो हात घेईन, कंत्राट विचारणार नाही. पण पर्मनंट जागा मागणाऱ्या सिस्टर्स फक्त स्वतःच्या पेन्शनसाठी भांडतायत हे मला पटत नाही, कंत्राट संपलं की शिकवलेली मुलगी जाते आणि इन्चार्ज सिस्टर परत पहिल्यापासून सुरू.

पुढच्या आठवड्याच्या रोस्टरवर शनिवारी तीन ओळखीची नावं दिसली, जादा ड्युटीला हो म्हणून टाकलं.