‘मेसेज टाकला की झालं’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. कर्णबधिरांना संकटात खुणांनी बोलून मदत मागता यावी म्हणून असलेल्या व्हिडिओफोनवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की त्यांनी मेसेज टाकला की काम होतं, घरात कोणीतरी ऐकणारं असतंच, आणि मध्ये खुणांच्या भाषेचा दुभाषी बसवणं म्हणजे अमेरिकेचे चोचले, वर उशीर वेगळाच. आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या माणसाने एवढं सविस्तर लिहिलं, तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

आधी उशिराचं. अमेरिकेत कर्णबधिर माणूस व्हिडिओफोनवरून 911 हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लावतो, तेव्हा तो कॉल रिले सेवेच्या, म्हणजे दुभाष्यामार्फत फोन जोडून देणाऱ्या सेवेच्या, रांगेत न थांबता थेट दुभाष्याकडे जातो. दुभाषी समोरच्या पडद्यावर खुणा बघतो आणि 911 च्या माणसाशी तोंडी बोलतो. त्या माणसाला चित्र दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. 2008 च्या अखेरीपासून तिथे या ग्राहकांना दहा आकडी नंबर मिळाले आणि नंबरासोबत पत्ता नोंदवला जाऊ लागला, म्हणून कॉल योग्य केंद्रात पोचतो. खरी खोच वेगळीच आहे: या सेवेचं ॲप मोबाईलवर घेऊन माणूस दुसऱ्या गावी गेला आणि पत्ता बदलायला विसरला, तर गाडी जुन्या घरी जाऊ शकते. टीका करायचीच तर इथे करा.

मेसेजचं म्हणाल, तर चोर घरात शिरलाय आणि आपण पलंगाखाली आहोत, तेव्हा तोच बरा. पण ‘श्वास चालू आहे का? रक्त कुठून येतंय?’ हे प्रश्न टाइप करून सोडवत बसायचे? ज्याची पहिली भाषा खुणांची, त्याला हिंदी-मराठी लिहिणं म्हणजे परकी भाषाच. घाबरल्यावर तर आपणही धड वाक्य लिहीत नाही. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली कर्णबधिर गीता 2015 मध्ये परतून इंदुरात राहिली, तेव्हा तिच्या लहानपणच्या आठवणी सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी खुणांमधूनच उलगडल्या. आपल्याच तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांसाठी मदत केंद्र आहे, तेही याच गरजेतून.

घरातलं ऐकणारं माणूस हा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. तेच चक्कर येऊन पडलं तर? नवरा-बायको दोघंही कर्णबधिर असले तर? आणि मारहाण करणारा तोच ऐकणारा असला, तर बायकोने तक्रार त्याच्याच तोंडून सांगायची का?

ब्रिटनमध्ये 17 जून 2022 पासून 999 या तातडीच्या नंबरला सांकेतिक भाषेत व्हिडिओ कॉल करता येतो, चोवीस तास, फुकट. आपल्याकडे 112 या तातडीच्या नंबरचं ॲप आहे, त्यातून मदतीचा इशारा जातो. पण त्यानंतर कंट्रोल रूममधून उलट फोन आला, तर तो उचलून बोलायचं कोणी? अडलंय ते इथे. इंटरनेटचं रडगाणं तर इंदूरकराने गाऊच नये. मध्यरात्री सराफ्यातून भुट्ट्याचा कीस लाइव्ह दाखवणारी मंडळी आपण!

112 च्या भोपाळच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक पाळीत भारतीय सांकेतिक भाषेचा एक दुभाषी व्हिडिओवर हजर असावा, एवढीच माझी मागणी आहे. त्याच्या पगाराचा हिशेब तुम्ही मांडून दाखवा. बँकेत हयात गेली म्हणता, तर तो माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट जमेल.